तार्विझिओ शून्यावर

12 डिसेंबर 2017, मंगळवार. मी तेव्हा मिलानमध्ये एका गॅस पुरवठादार कंपनीच्या डिस्पॅच डेस्कवर होतो. सौदे करणारे शेजारच्या रांगेत बसायचे. त्यांच्यापुढे स्क्रीनही जास्त आणि त्यांना पगारही जास्त. आमचं काम हिशोबनिसाचं. कुठल्या सीमेवरून किती गॅस आत येणार आणि तो कुठल्या कारखान्याला, कुठल्या वीजकेंद्राला, कुठल्या शहराच्या वितरकाला जाणार, ते आकडे वाहिनी चालवणाऱ्या कंपनीला कळवायचे. याला नॉमिनेशन म्हणतात. गॅसचा दिवस सकाळी 6 वाजता उजाडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ला मावळतो. तेवढ्या वेळात आत आलेला आणि बाहेर गेलेला गॅस जुळलाच पाहिजे. नाही जुळला, तर फरकाचे पैसे भरताना डोळ्यांत पाणी येईल असा दर लागतो.

स्फोटाची बातमी आम्हाला आधी दरातून कळली. त्याच दिवसाच्या गॅसचा भाव एरवी सकाळी फारसा हलत नाही. नऊनंतर तो पायऱ्या चढल्यासारखा वर जायला लागला. पलीकडच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ऑस्ट्रियात काय झालंय?" थोड्या वेळात बातम्यांच्या पट्टीवर नाव आलं: बाउमगार्टेन. पावणेनऊच्या सुमारास तिथल्या केंद्रात स्फोट होऊन आग लागली होती. एक कामगार दगावल्याचं आणि 21 जण जखमी झाल्याचं नंतर कळलं. त्या सकाळी आमच्या मजल्यावर माणसांची चौकशी करणारे थोडे होते, घनमीटरची करणारेच जास्त. लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

बाउमगार्टेन हे ऑस्ट्रियाचं स्लोव्हाकियाच्या सीमेला लागून असलेलं छोटंसं गाव. रशियाचा गॅस युक्रेन आणि स्लोव्हाकिया ओलांडून तिथे यायचा, वर्षाला सुमारे 40 अब्ज घनमीटर. तिथून त्याला फाटे फुटायचे: एक पश्चिमेला जर्मनीकडे, एक हंगेरीकडे आणि सर्वांत मोठा दक्षिणेला इटलीकडे. या दक्षिणेच्या फाट्यातूनच वाटेत स्लोव्हेनियाला आणि पुढे क्रोएशियाला गॅस मिळायचा. इटलीचा फाटा म्हणजे तीन समांतर वाहिन्या. सुमारे 380 किलोमीटर धावून त्या आल्प्समधल्या तार्विझिओला इटलीत शिरतात.

आमच्या स्क्रीनवर तार्विझिओच्या ओळीत दोन रकाने असायचे. एकात आम्ही मागितलेला आकडा, दुसऱ्यात समोरून मान्य झालेला. रोजच्या कामात दोन्ही सारखेच असतात, त्यामुळे दुसऱ्या रकान्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. त्या दिवशी आकडे मान्य होण्याची पुढची फेरी आली आणि दुसऱ्या रकान्यात शून्य आलं. माझ्या शेजारच्या मुलीला वाटलं, यंत्रणाच लटकली. तिने पान पुन्हा उघडलं. शून्यच.

शून्य दिसलं म्हणजे त्या क्षणी गॅस थांबला असं मात्र नाही. गॅस वाहिनीत फार जोरात पळत नाही. ताशी वीस-तीस किलोमीटर म्हणजे बरा वेग. शिवाय शेकडो किलोमीटरच्या पाइपात दाबाखाली भरलेला गॅस स्वतःच एक छोटा साठा असतो. आम्ही त्याला लाइनपॅक म्हणतो. वरचा नळ बंद झाला तरी खाली काही तास धार चालू राहते, दाब मात्र हळूहळू उतरत जातो. हे काही तास हाच सगळ्या यंत्रणेचा श्वास. तेवढ्यात दुसरीकडून गॅस उभा करायचा.

दुसरीकडून म्हणजे कुठून? इटलीचं नशीब असं, की तिला दारं बरीच आहेत. सिसिलीत माझारा देल वाल्लोला अल्जीरियाचा गॅस येतो, जेलाला लिबियाचा. द्रवरूप गॅसची तेव्हा तीन टर्मिनलं होती: पानिगाल्या, रोव्हिगोसमोरच्या समुद्रातलं आणि लिव्होर्नोसमोर नांगरलेलं. वायव्येला स्वित्झर्लंडमधून ग्रिस खिंडीतून उत्तर युरोपचा गॅस येतो. पण हे शेवटचं दार त्या हिवाळ्यात अर्धवट उघडं होतं. जर्मनीतून स्वित्झर्लंडकडे येणाऱ्या वाहिनीच्या एका नळीला गंज लागल्याचं निघालं होतं आणि शरद ऋतूपासून ती बंद ठेवलेली होती. एक शेजारी सोडून पलीकडच्याच्या घरातला गंज आणि खिंडीतली क्षमता आमची कमी. कागदावर ग्रिस आमचा मोठा आधार होता. म्हणून पुरवठ्याच्या सुरक्षिततेचा हिशोब एकेका देशाने आपापल्या नकाशावर करायचा, ही गोष्ट मला तेव्हापासून पटेनाशी झाली.

राहिले भूमिगत साठे. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रांमध्ये उन्हाळ्यात गॅस परत भरून ठेवतात. त्याशिवाय सरकारच्या हुकमाने वेगळा ठेवलेला, सुमारे 4.6 अब्ज घनमीटरचा सामरिक साठा. त्याला मंत्रालयाच्या परवानगीशिवाय कुणी हात लावू शकत नाही. दुपारपर्यंत हे चित्र स्पष्ट झालं, की सामरिक साठ्याला हात न लावताही दिवस निभावेल. डिसेंबर सुरू होता. साठे भरलेले होते, आत दाब चांगला होता आणि दाब चांगला असला की गॅस वेगाने वर काढता येतो.

आता मंत्रालयाकडे वळतो. इटलीने त्याच दिवशी गॅस पुरवठ्याची आणीबाणी जाहीर केली. युरोपच्या नियमात तीन पायऱ्या आहेत: आधी पूर्वसूचना, मग इशारा, मग आणीबाणी. आणीबाणी जाहीर झाली, की बाजार आपापलं बघून घेईल असं म्हणत हात बांधून बसायचं सरकारवरचं बंधन सुटतं. कुणाचा गॅस कापायचा, कुठली वीजकेंद्रं दुसऱ्या इंधनावर न्यायची, हे हुकमाने ठरवता येतं. आणि ज्या नियमात हे सगळं लिहिलेलं होतं, तो नवा युरोपीय नियम, 2017 चा 1938 क्रमांकाचा, 1 नोव्हेंबरला लागू झालेला. सहा आठवडेही झाले नव्हते. आमच्या कायदा विभागाने त्याची सारांश टिपणं वाटली होती. माझी प्रत खणात होती, वाचलेली, पण खुणा न केलेली. त्या दुपारी खुणा झाल्या.

त्यात दोन गोष्टी मोठ्या होत्या. पहिली जुनीच होती, 2010 च्या नियमातून पुढे आलेली. देशात गॅस आणणारी सर्वांत मोठी एक वाट बंद पडली असं समजा. दिवस वीस वर्षांतून एकदा येतो तसल्या थंडीचा धरा. उरलेल्या वाटांनी त्या दिवशीची सगळी मागणी भागली पाहिजे. इटलीच्या बाबतीत ही सर्वांत मोठी वाट म्हणजे तार्विझिओ. म्हणजे पुस्तकातलं उदाहरण समोर घडत होतं. फरक एवढाच, की थंडी त्या मापाची नव्हती.

दुसरी गोष्ट नवी होती: शेजारधर्माची. एखाद्या देशाने आणीबाणी जाहीर केली, आपले सगळे उपाय वापरून संपवले आणि तरी घरगुती ग्राहकांना, इस्पितळांसारख्या अत्यावश्यक सेवांना, घरं तापवणाऱ्या केंद्रांना गॅस पुरेना, तर वाहिनीने जोडलेल्या शेजारी देशाने त्याला गॅस दिला पाहिजे. त्यासाठी स्वतःच्या कारखान्यांचा गॅस कापावा लागला तरी. मागणाऱ्याने त्याची रास्त भरपाई द्यायची. हे कलम लागू व्हायचं होतं 1 डिसेंबर 2018 पासून, पण ऐच्छिक मदत नाही, बंधन.

हे वाक्य किती जड आहे ते मला एका फोनने कळलं.

आमचा एक ग्राहक काचेच्या बाटल्या बनवणारा कारखाना होता. काचेची भट्टी दीड हजार अंशांच्या आसपास तापलेली असते आणि एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. गॅस गेला आणि ती थंड पडली, तर आतली काच गोठते, अस्तराच्या विटांना तडे जातात आणि मग ती दुरुस्त होत नाही, नव्यानेच बांधावी लागते. तिथल्या प्लांट मॅनेजरचा आवाज मला ओळखीचा होता. दर महिन्याला मापांवरून आमची हुज्जत चालायची. इटलीत इंजिनिअर माणसाला इंजिनिअर म्हणूनच हाक मारतात, तशी त्याने मारली.

"इंजिनिअर, एकच सांगा. कापणार का?"

मी म्हटलं, आत्ता तरी नाही. ज्यांच्याशी गरज पडल्यास पुरवठा थांबवण्याचा करार आहे आणि त्याबद्दल जे वर्षभर सवलत घेतात, त्यांचा नंबर आधी लागेल. तुम्ही त्यात नाही.

"2012 च्या फेब्रुवारीत लागला होता त्यांचा नंबर," तो म्हणाला. त्याला सगळं आठवत होतं. त्या थंडीच्या लाटेत रशियाकडून येणारा गॅस कमी पडला, इटलीने असे कारखाने थांबवले, तेलावरची जुनी वीजकेंद्रं पेटवली. मग त्याने विचारलं, "आणि आता तो नवा कायदा आलाय ना? स्लोव्हेनियाकडे तर साठाच नाही. त्यांनी मागितला तर त्यांच्या घरांसाठी माझी भट्टी विझणार?"

प्रश्न बरोबर होता. स्लोव्हेनियाकडे स्वतःचा एकही भूमिगत साठा नाही, आणि गोरिझियाच्या सीमेवर इटलीची वाहिनी त्यांच्या वाहिनीला जोडलेली आहे. मी टिपणाची प्रत समोर धरून सांगितलं, की आज नाही, हे कलम पुढच्या डिसेंबरपासून लागू होणार आहे, पण तेव्हा कायद्याने पाहिलं तर हो, तसं होऊ शकतं. आधी त्यांना आपले सगळे उपाय संपवावे लागतील, तुमच्या आधी इतर बरेच जण कापले जातील, पण घर आणि कारखाना अशी वेळ आली तर सीमेपलीकडचं घर आधी.

"आणि भट्टीचे पैसे कोण देणार? ल्युब्लियाना की रोम? गॅसचे देणार की भट्टीचे?"

इथे टिपणात उत्तर नव्हतं. रास्त भरपाई एवढाच शब्द होता. दर कसा काढायचा, कारखान्याचं नुकसान त्यात धरायचं की नाही, पैसे कुठल्या सरकारमार्फत फिरायचे, हे शेजाऱ्यांनी आपसात करार करून ठरवायचं होतं आणि त्यासाठी मुदत होती 1 डिसेंबर 2018 ची. स्फोट वर्षभर आधीच झाला. मी त्याला हे जसंच्या तसं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, भट्टी नुसती तापती ठेवायला किती गॅस लागतो तो आकडा मी लेखी पाठवतो, तुमच्या फायलीत वरच लावून ठेवा. दहा मिनिटांत त्याचा मेल आला. त्या दिवशी मला मिळालेला सर्वांत उपयोगी कागद तोच. कुणाला किती कापायचं याच्या याद्या सगळ्यांकडे असतात. किती कापलं की परत न येणारं नुकसान होतं, याची यादी फार थोड्यांकडे.

दरम्यान आमच्या मजल्यावर गॅसचा भाव दुपटीच्या जवळ जाऊन मेगावॉट-तासाला 47 युरोच्या घरात पोचला होता. ब्रिटनमध्येही भाव भडकले होते, कारण उत्तर समुद्रातली फोर्टीज वाहिनी तडा सापडल्यामुळे आदल्याच दिवशी बंद करायला घेतली होती. दोन अपघातांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण खरेदीदार तेच. उत्तरेत टंचाई झाली की आमच्याकडे येऊ शकणारं एखादं जहाज तिकडे वळतं. भाव वाढला म्हणून काही लोक नाराज झाले. मी नव्हतो. त्या भावानेच दुपारपर्यंत साठ्यांतून, टर्मिनलांतून, दक्षिणेच्या वाहिन्यांतून गॅस ओढून आणला. कुणा मंत्र्याला फोन करायला लागला नाही. भावाला जे जमत नाही ते पुढचं. पैसे मोजायची ऐपत नसलेलं घर वाचवणं त्याच्या हातात नसतं, आणि भट्टी विझू द्यायची की नाही हेही. तिथे सरकारं लागतात, आणि सरकारांचं आधी ठरलेलं असावं लागतं.

न ठरलेलं असलं तर काय होतं, ते 2009 च्या जानेवारीत सगळ्यांनी पाहिलं होतं. रशिया-युक्रेनच्या भांडणात 7 ते 20 जानेवारी युक्रेनमार्गे येणारा गॅस पूर्ण बंद होता. बल्गेरिया आणि स्लोव्हाकियाचे सर्वाधिक हाल झाले. पश्चिमेकडे साठे भरलेले, पण वाहिन्या पूर्व-पश्चिम अशा एकाच दिशेने वाहण्यासाठी बांधलेल्या. कंप्रेसर एकीकडे तोंड करून बसवलेले, मापयंत्रं एका दिशेची. दोन आठवडे होत आल्यावर चेक प्रजासत्ताकातून स्लोव्हाकियात उलटा प्रवाह सुरू करता आला. माझ्या टीमची प्रमुख तेव्हा ब्रातिस्लाव्हात नोकरीला होती. ती सांगायची, की झडपा फिरवण्यापेक्षा कुणाचा गॅस, कुठल्या कराराखाली, कुठल्या दराने हे मान्य करून घ्यायला जास्त घाम गाळावा लागला. त्या अनुभवातून 2010 चा नियम आला आणि देशांना जोडणाऱ्या वाहिन्या 2013 च्या अखेरपर्यंत दोन्ही दिशांनी वाहत्या करा असं बंधन आलं. पोलाद तर वळलं. कागद वळायला जास्त वेळ लागतो.

आणखी एक विचित्र गोष्ट त्या दिवशी कळली. ज्या देशात स्फोट झाला, त्या ऑस्ट्रियाला टंचाई नव्हती. त्यांची साठवण क्षमता देशाच्या वर्षभराच्या वापराच्या जवळपास जाते. पण त्यातलं हायडाखचं प्रचंड मोठं साठवण केंद्र ऑस्ट्रियाच्या जमिनीखाली असूनही त्या काळी जोडलेलं होतं फक्त जर्मनीच्या जाळ्याला. ऑस्ट्रियाने कायदा करून ते आपल्या जाळ्याला जोडायला भाग पाडलं ते 2022 च्या संकटानंतर. साठा कुणाच्या देशात आहे यापेक्षा त्याचा पाइप कुठे जातो ते विचारावं.

संध्याकाळी बातम्यांमध्ये उद्योगमंत्री कार्लो कालेंदा दिसले. त्यांचा मुद्दा असा, की ट्रान्स ॲड्रिॲटिक वाहिनी झालेली असती तर आज आणीबाणी जाहीर करावी लागली नसती. अझरबैजानचा गॅस ग्रीस-अल्बानियातून समुद्राखालून इटलीच्या टाचेला आणणारी ही वाहिनी. वर्षाला 10 अब्ज घनमीटरची. मेलेंदुन्योजवळ तिच्यासाठी ऑलिव्हची झाडं हलवण्यावरून तेव्हा मोठं आंदोलन चालू होतं. एका कामगाराचा मृत्यू झाला त्याच दिवशी हा मुद्दा काढणं मला खटकलं. मुद्दा मात्र खोटा नव्हता. 2020 च्या अखेरीस ती वाहिनी सुरू झाली आणि दोन वर्षांनी तिचा फार उपयोग झाला. पण आणखी एक पाइप हे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असलं, तर ज्यांच्याकडे पाइप बांधायला पैसा आणि समुद्र नाही त्या शेजाऱ्यांनी काय करायचं?

रात्री उशिरा बाउमगार्टेनमधून प्रवाह पुन्हा सुरू झाला. जळालेला भाग वेगळा काढून बाकीच्या नळ्यांची तपासणी करून त्यांनी गॅस सोडला. एवढ्या लवकर होईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. दुसऱ्या रकान्यात आकडा परत आला आणि मग खरं किचकट काम सुरू झालं: दिवसभरात महाग घेतलेला गॅस आता जास्त झाला होता, आणि सहा वाजायच्या आत तो जुळवून, उरलेला साठ्यात ढकलून दिवस बंद करायचा होता. कुणाचीही भट्टी विझली नाही. स्लोव्हेनियाला मागण्याची वेळच आली नाही.

हाच स्फोट अडीच महिन्यांनी झाला असता तर? फेब्रुवारी 2018 च्या शेवटी सायबेरियातून आलेल्या गारठ्याने युरोप गोठला. 1 मार्चला ब्रिटनच्या वाहिनी कंपनीने गॅस तुटवड्याचा जाहीर इशारा दिला. तोवर साठे बरेच उपसलेले असतात, आतला दाब उतरलेला असतो, आणि साठ्यात गॅस असूनही तो हवा तितक्या वेगाने निघत नाही. त्या आठवड्यात मी तार्विझिओच्या ओळीकडे जरा जास्तच वेळा बघत होतो.

करारांची मुदत आली आणि गेली. 1 डिसेंबर 2018 ला एकही शेजारी करार झालेला नव्हता. पहिला झाला तो जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये, डिसेंबर 2020 ला. इटली आणि स्लोव्हेनियाचा एप्रिल 2022 मध्ये, म्हणजे युक्रेनवर हल्ला होऊन दोन महिने झाल्यावर. त्याच महिन्यात रशियाने पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस तोडला. मग सगळं भराभर आलं. त्या वर्षी 1 नोव्हेंबरपर्यंत साठे 80 टक्के भरण्याचं आणि पुढच्या वर्षापासून 90 टक्क्यांचं बंधन, मागणी 15 टक्क्यांनी उतरवण्याचं आवाहन, आणि डिसेंबर 2022 मध्ये, ज्या शेजाऱ्यांनी करार केलेलेच नाहीत त्यांच्यासाठी आपोआप लागू होणारे नियम. त्यात भरपाईत काय काय धरायचं तेही आलं: गॅसची किंमत, साठवण आणि वाहतुकीचा खर्च, आणि कापलेल्या उद्योगांच्या नुकसानीचाही विचार.

ते वाचून मी काचेच्या कारखान्याच्या मॅनेजरला मेल पाठवला. तो अजून तिथेच होता. भट्टी तापती ठेवण्याचा त्याचा आकडा आता बदलला होता, नवी भट्टी बांधली होती, थोड्या विजेवर चालणारी. नवा आकडा त्याने त्याच दिवशी पाठवला आणि खाली लिहिलं, भरपाईचं ठीक आहे, पण पैसे किती दिवसांत मिळणार ते कुठल्या कलमात आहे ते सांगा. नियमात भरपाई विनाविलंब द्यायची असं लिहिलेलं होतं. दिवस दिलेले नव्हते. तसंच कळवलं.